चौदाव्या शतकातले जिभाऊ

आमच्या शेजारचे उत्तम जिभाऊ सध्या चौदाव्या शतकात आहेत. देहाने म्हणाल तर इथे कळसाडी गावातच, ओट्यावर बाज टाकून बसलेले, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात भुईमुगाच्या शेंगा. पण सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले की कुंपणापलीकडून बातमी येते, "अक्का, तेरावं शतक सरनं बरं का."

हे शतक फ्रेंच भाषेचं, तेही तिच्या व्याकरणाचं. आता शहादा तालुक्यातल्या कापूस-ऊसवाल्या माणसाला फ्रेंच व्याकरणाचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर तपासात आहे.

आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी तपास करतात. आणि जिभाऊ म्हणजे तपासाचे मोठे मास्तर. कुणाला मुलगी द्यायची असली की जिभाऊ एसटीत बसून मुलाच्या गावी जात. त्याच्या घरी मात्र नाही. आधी न्हाव्याकडे दाढी, मग किराणा दुकानात उगाच गुळाचा भाव, आणि शेवटी ज्याच्या शेताला त्या घराचा बांध लागतो त्याच्या विहिरीवर पाणी. बांधाचा शेजारी खोटं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत. चौकशी सुरू व्हायची मुलाच्या पणजीपासून. "झाड दखनं शे ना, ते मूय दखो," म्हणायचे. त्यांच्या तपासाने जुळलेली घरं अजून सुखाने नांदतायत. मोडलेल्या सोयरिकी त्याहून जास्त, पण त्या लोकांनीही नंतर पेढे आणून दिले.

अशा माणसाच्या मुलाने, प्रवीणने, फ्रान्सातल्या ल्यों नावाच्या गावी नोकरी धरली आणि तिथल्याच क्लेर नावाच्या मुलीशी लग्न करून मग फोन केला. गावाला वाटलं, आता जिभाऊ जेवण सोडतील. जिभाऊ नीट जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "पोर चांगलीच व्हई. पन तपास राही गया."

ल्योंला एसटी जात नाही. न्हावी नाही, बांध नाही. मग त्यांनी ठरवलं, माणसांकडे जाता येत नाही तर भाषेकडे जाऊ. सून ज्या भाषेत रडली-हसली, तिचं कूळ-मूळ तरी पाहू. आणि लागलेही कामाला. प्रवीणकडूनच एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं. जुन्या मॅट्रिकचं इंग्रजी जिथे अडेल तिथे मोबाइल. पण आजची भाषा शिकायची नाही. आधी लॅटिन आजी, मग तिच्या लेकी, मग नाती. एक शतक पुरतं झाल्याशिवाय पुढे पाऊल नाही.

सुमनभाबी, म्हणजे त्यांची बायको, याला फार कावलेल्या. "आठे घरमा मीठ सरनं, आनी तुम्हनं शतक सरी ऱ्हायनं," एवढंच म्हणतात आणि मलाच दुकानात धाडतात.

माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं पुडीच्या कागदापासून मिळेल ते वाचून. पण जिभाऊंच्या शेजाराने मलाही बरंच कळायला लागलंय. लॅटिन आजीच्या घरात विभक्त्या सहा होत्या. भरलं घर. पुढे जुन्या फ्रेंचकडे दोनच उरल्या, आणि चौदाव्या शतकात त्याही मोडीत निघाल्या. ते वाचलं त्या दिवशी जिभाऊ असे बसले होते की मला वाटलं कुणाची तरी जमीन गेली. "इतली विभक्ती व्हती, अक्का. सगयी इकी खादी." नपुंसकलिंगाचंही तेच. होतं, पुढे पुल्लिंगाच्या घरात राहायला गेलं आणि तिथलंच झालं.

"घरजावई," भाबी चुलीपासून म्हणाल्या.

एकदा त्यांनी सांगितलं की फ्रेंच लोक ऐंशीला चार वीस म्हणतात. माझी आई म्हाताऱ्या माणसाचं वय असंच सांगायची, 'चार विसा झाल्या असतील.' मी तसं बोलले तर भाबींनी भाकरी थापता थापता निकाल दिला, "मंग सोयरीक जुनीच शे. उगाच डोयं फोडी ऱ्हायनात."

मला सगळ्यात आवडली ती त्यांच्या 'नाही'ची गोष्ट. फ्रेंचमध्ये आधी 'नाही'ला एक बारकासा शब्द होता. तो फिका वाटायला लागला म्हणून लोक जोर द्यायला 'पाऊलभर नाही', 'कणभर नाही' असं म्हणू लागले. त्यातलं पाऊल टिकलं. आणि आता बोलताना मूळचा 'नाही'च गळतो, एकटं पाऊल नकार देत उभं राहतं. "पाव्हना राही गया, मालक निंघी गया," जिभाऊ म्हणाले.

"पण जिभाऊ, हे आत्ताचं झालं ना? तुम्ही तर चौदाव्यात."

त्यांनी शेंग फोडली. "ते असंच कोनी तरी सांगं," म्हणाले. मी सोडून दिलं.

दर रविवारी दुपारी प्रवीणचा व्हिडिओ फोन येतो. नात, लेआ, फ्रेंचशिवाय काही बोलत नाही. भाबी अहिराणीशिवाय काही बोलत नाहीत. दोघींचं झकास चालतं. भाबी मोबाइल घेऊन गोठ्यात जातात, वासराचं तोंड दाखवतात, तिकडे पोरगी खिदळते. जिभाऊ मात्र लांबून हात हलवतात. "आजून आठलगून पोचनू नही," असं प्रवीणला सांगतात, म्हणजे आजच्या फ्रेंचपर्यंत. प्रवीणही हसतो, "असू द्या आप्पा, सावकाश. आम्ही येतोच दिवाळीला." गेल्या दिवाळीलाही येणार होते. त्याआधीच्याही. कधी रजा, कधी शाळा.

या वर्षी भाबींनी नातीसाठी छोटी रजई भरायला घेतली. घरच्या कापसाची, हाताने सरकी काढून. मागच्या रविवारी जिभाऊ सरकी काढत होते, मीही मदतीला बसले होते. फोन आला. भाबींनी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि रजईचं कापड लेआला दाखवायला लागल्या. लेआच्या मागे प्रवीण आणि क्लेर आपसात हळू बोलत होते, फ्रेंचमध्ये. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. पण जिभाऊंचा सरकी काढणारा हात थांबला होता. ते उठले आणि मागच्या अंगणात गेले.

थोड्या वेळाने मी मागे गेले. ते लिंबाखाली उभे होते.

"जिभाऊ, तुम्हाला समजतं," मी म्हटलं.

"समजस."

"कधीपासून?"

"मागली दिवायीपासून." मग म्हणाले, "सून त्याले इचारस, 'त्यास्ले कव्हय सांगशी?' हाऊ सांगस, 'आज नको.' तठलंच घर लिधं त्यास्नी, अक्का. आते आठे येवानं नही. दिवायीलेबी नही."

"तिथेच घर घेतलं, आणि दर रविवारी ती हेच विचारते, तुम्हाला कधी सांगणार?"

"दर रविवारले."

मी म्हटलं, "मग त्याला सांगत का नाही, की मला कळलंय म्हणून?"

"सांगं, ते त्याले बोलनं पडी. तो रडी. मंग फोनबी कमी व्हई." त्यांनी लिंबाची एक काडी मोडली. "जवलोंग मी मांगल्या शतकमा शे, तवलोंग त्या येनार शेतस. बठू दे माले तठेच."

मग म्हणाले, आणि आवाजात जुना तपासनीस होता, "पन एक सांगस. सून खरी शे. लपाडू देत नही त्याले. दर रविवारले टोकस. घर चांगलं शे, अक्का. तपास बराबर निंघना."

आतून भाबींची हाक आली, "काहो, कितला कापूस भरू? पोरले गरम व्हई का?"

जिभाऊंनी काडी टाकली, डोळे पुसले नाहीत, नुसता चेहऱ्यावरून हात फिरवला. "जाड भर," म्हणाले, "आठे दिवायीले थंडी पडस," आणि आत जाऊन तिच्यासमोर कापडाचं टोक धरून बसले.