आबा मेस्त्रींचं रविवारचं टेस्टिंग

आमच्या शेजारचे आबा मेस्त्री मोटारीला करंट देण्याआधी गाऱ्हाणं घालतात. मोटार पंपाची नव्हे. खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनाची, सुपारीपेक्षा जेमतेम मोठी. हात जोडून, डोळे मिटून ते सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराक बारा व्होल्ट देतंय. ह्येच्या आर्मेचरात काय चूक रवली आसात तर ती सांभाळून घे, आनी ह्येका गरगर फिरव रे म्हाराजा." यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं मी मिठबावच्या मुलांना विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला हे आलं.

आबांनी चाळीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलं. आंब्याच्या बागांतले पंप, बर्फाच्या कारखान्यातल्या मोटारी, लोकांचे पंखे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांची पद्धत एकच: "आधी वास, मगे करंट." जळलेल्या मोटारीला ते नाक लावतात आणि रोग सांगतात. एकदा माझा मिक्सर बंद पडला. आबांनी तो उचलला, हुंगला आणि पडवीत बसलेल्या चार बायकांदेखत विचारलं, "बाईनू, खोबऱ्यात पाणी घालूक इसारल्यात काय?" विसरले होते. पण म्हणून चारचौघांत सांगायचं? त्यांना माणसांची भीड नाही, मोटारींची आहे.

आता दुकान बंद आहे आणि टेबल पडवीत आलंय. तिथे दोन लाकडी ठोकळ्यांवर ते इंजिन चाकं हवेत ठेवून बसवलेलं असतं. शेजारी एक ट्रान्सफॉर्मर, एक मीटर, जुना दातांचा ब्रश आणि माडाच्या झाडूचे चार हीर. हे हीर टोकदार करून ते मोटारीच्या तांब्याच्या फटींतली काजळी काढतात. तेल घालायला सुई. बाटलीतून थेंब पाडला तर जास्त होतो म्हणे. त्यांच्या घरच्या फोडणीत हा काटेकोरपणा असता तर त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं नसतं, असं मी एकदा म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत.

अबोला धरण्यात मात्र हे घराणं पुढे आहे. हे इंजिन आबांचं नाहीच. त्यांचे थोरले भाऊ, भाई, बोटीवर इंजिनरूममध्ये होते. तरुणपणी कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी ते आणलं. पुढे भाई मुंबईला स्थायिक झाले, आणि वाटणीच्या वेळी बांधावरच्या फणसावरून दोघांचं असं बिनसलं की बारा वर्षं एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी आबांना माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात हे इंजिन सापडलं. टाकवेना आणि भावाला विचारवेना. शेवटी मला फोन करायला लावला. भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाईनू, तेका विचारा, मोटार फिरता काय?"

फिरत नव्हती. तेव्हापासून दर रविवारी साडेदहाला भाईंचा फोन येतो, तोही माझ्या फोनवर, कारण आबांच्या फोनचा आवाज माशी गुणगुणल्यासारखा. मी तव्यावरचं घावन टाकून धावत जायचं, 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि स्पीकर चालू करून फोन इंजिनाजवळ धरायचा. भाई आवाजावरून दोष सांगतात. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असतं, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"बाईनू, तेका सांगा, कार्बन झिजले."

"बाईनू, तेका सांगा, कार्बन कालच बदललंय."

"मगे तेका सांगा, स्प्रिंग ढिली आसतली."

मी काहीच सांगत नाही. नुसती उभी राहते, टपालपेटीसारखी.

असं करत करत बुशाच्या कड्यात जाम झालेला दांडा सुटला, स्प्रिंग बदलली, आर्मेचरचं तुटलेलं वाइंडिंग आबांनी केसासारख्या तारेने पुन्हा भरलं. दोन वर्षं गेली. मग गेल्या शनिवारी दुपारी आबा आमच्याकडे आले आणि न विचारता खुर्चीत बसले.

"झाली," ते म्हणाले.

"मगे बरां झाला मा."

"खडखड नाय, ठिणगी नाय, वास नाय. काय एक नाय." चेहरा तर असा, जणू कोणाला पोचवून आलेत. मी चहा ठेवला. चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "उद्या भाईक काय सांगू?"

"चालली म्हणान सांगा."

"मगे तो फुडल्या आयतवारी फोन कित्याक करतलो?"

इतके दिवस मी या टेस्टिंगला नावं ठेवत होते आणि या माणसाचा आठवडा कशावर उभा आहे हे मला कळलंच नव्हतं. स्वतःचाच राग आला. म्हटलं, "सांगा, अजून ठिणगी मारता म्हणान. तेका थंय काय दिसता?"

आबांनी कप खाली ठेवला. "बाईनू, चाळीस वर्षां धंदो केलंय. बऱ्या मोटारीक वायट म्हणूक माझ्यान जमाचा नाय."

रविवारी साडेदहाला फोन आला. आबांनी गाऱ्हाणं घातलं, पण नेहमीपेक्षा हळू, शब्द लांबवत. मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्यांनी ट्रान्सफॉर्मरचं बटण फिरवलं आणि चाकं फिरायला लागली. इतका एकसारखा, मऊ आवाज मी त्या पडवीत कधी ऐकला नव्हता. मी फोन जवळ नेला. आबा माझ्याकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते.

भाई ऐकत राहिले. ज्या माणसाने अख्खी नोकरी बोटीच्या इंजिनाशेजारी काढली, त्याला ही मोटार निर्दोष आहे हे कळायला किती वेळ लागणार? एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मला वाटलं, आता 'बरां झाला' म्हणतील आणि फोन ठेवतील.

"बाबल्या," भाई म्हणाले.

त्र्याहत्तर वर्षांच्या आबांना या नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलेलं नाही. आबांचा हात बटणावरच राहिला.

"बाबल्या, बुश वाजता रे. घाई करू नको. फुडल्या आयतवारी परत बघूया."

आबांनी फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय रे भाई. माकाय तसाच वाटला."

यानंतर फोन कोणी ठेवेना. माझे डोळे भरून आले होते आणि हात अवघडला होता. शेवटी आबांनी मोटार बंद केली आणि विचारलं, "गुडघो कसो आसा तुझो?"

मी फोन मीटरला टेकवून ठेवला आणि घरी गेले. तो मला जेवणं झाल्यावर परत मिळाला.