समुद्रात रुपराव

"भांडायले समुद्र लागते, साहेब! आपल्या नागपुरात समुद्रच नाही, तर भांडतीन कशावर?" मधुवंती मेश्रामनं सरकारी साहेबांना छाती ठोकून सांगितलं आणि थेट कोकण किनाऱ्याची बैठक मनीषनगरातल्या आपल्या ऑफिसात आणली!

तिचं ऑफिस नकाशे बनवायचं. किनाऱ्याजवळच्या एकाच पट्ट्यावर मच्छीमार, बंदरवाले आणि कासवांचे अभ्यासक असा तिघांचा दावा होता. पण आपली माहिती कोणी कोणाला दाखवेना. मधुवंतीनं शक्कल लढवली. इंटरनेटवर एकच नकाशा, त्यात निळे चौकोन. ज्यानं त्यानं घरबसल्या आपापली जागा भरायची, मग समोरासमोर बसून ठरवायचं.

बैठकीत नकाशा पडद्यावर उघडला. मच्छीमारांचे पुढारी हरेश्वर नाखवा ताडकन उठले.

"ह्यो रुपराव कोन?"

मधुवंतीनं पडद्याकडे पाहिलं. ऐन मासेमारीच्या पट्ट्यात लिहिलेलं, 'रुपराव. इतर कोणीही येऊ नये.' जहाजांच्या वाटेवर, 'रुपराव, दुसरी जागा. पाहुण्यांसाठी.'

"पाहुणे?" बंदराचे कॅप्टन दळवी पांढरेफटक पडले. "म्हणजे परदेशी जहाजं!"

"आणि हे वाचा! 'दर रविवारी इथे धुलाई'!" कासवांच्या अभ्यासक डॉक्टर प्रीती किंचाळल्या. "कासवांच्या वाटेवर तेलाच्या टाक्या धुणार हा राक्षस?"

तेवढ्यात मधुवंतीचा फोन वाजला. तिच्याच बिल्डिंगमधले रुपराव काका!

"मधुवंती, माह्या पार्किंगवर कासव कोनं आणून ठेवलं वं?"

मधुवंतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिल्डिंगच्या पार्किंगचाही नकाशा तिनंच केला होता. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक मात्र समुद्राची गेली होती!

"काका, तुम्ही अरबी समुद्रात गाडी लावून राहिले!" ती कुजबुजली.

"मले काय माहीत? आपल्या पार्किंगच्या फरश्या निळ्याच हायेत ना!"

"मिटवा ते आधी!"

"काहून मिटवू? पहिले मी धरली!"

फोन ठेवून ती वळली आणि जागीच थिजली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तिघं एका टेबलावर डोकी खुपसून बसले होते! नाखवा मासळीचे हंगाम सांगत होते, कॅप्टन जहाजांच्या वेळा दाखवत होते, प्रीती कासवांची वाट आखत होत्या. पट्ट्याची वाटणी झालीसुद्धा!

"आमच्यात काय ते आम्ही बघू," नाखवा गरजले, "पन रुपरावाला येक चौकोन मिळायचा नाय!"

सह्या व्हायच्याच बाकी होत्या. गप्प बसावं का? पण खोट्या रुपरावावर खरा समुद्र वाटायचा, हे मधुवंतीच्या मनाला पटेना. तिनं सगळं सांगून टाकलं.

 तिनं रुपरावांना नकाशावरून पुसलं.

"मग ही मोकळी जागा आमची," नाखवा म्हणाले.

"तुमची कशी? जहाजं काय डोक्यावरून न्यायची?"

"आणि कासवं?"

कागद ओढले गेले, पेनांची टोपणं लागली. असा कल्ला उठला, की चहावाला दारातूनच परत गेला!

संध्याकाळी स्टेशनला निघताना नाखवांनी मधुवंतीला हळूच बाजूला घेतलं.

"बाय, पुढच्या बैठकीला तुमच्या त्या रुपरावांना जरा परत समुद्रात सोडता येईल काय?"