किसनतात्यांची रशियन पुस्तकं

दुष्काळात टँकरच्या पाण्यावरून आमच्या गावात डोकी फुटायची, आणि किसनतात्या त्यातलंच तांब्याभर पाणी वाचकांचे हात धुण्यात घालवायचे. हात धुतल्याशिवाय रशियन पुस्तकाला शिवायचं नाही. स्वतः मात्र दोन-दोन दिवस बिनआंघोळीचे. वाचक स्वच्छ आणि लायब्रेरियन कळकट, असं आमचं वाचनालय.

वाचनालय म्हणजे युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावातल्या सोसायटीची मागची खोली. कधीकाळी अंबाजोगाईला रशियन पुस्तकांची गाडी आली होती. पुस्तकं मराठीत, कागद गुळगुळीत, भाव मातीमोल. तात्यांनी कपाटभर आणली आणि तेव्हापासून चहा पातळ झाला तरी ‘रशियात असं न्हाई.’ मी शाळामास्तर, मला कुठलं राहवतंय! एकदा विचारलं, “तात्या, रशिया कुठल्या दिशेला आहे ते तरी सांगा.” त्यांनी शांतपणे सोसायटीच्या संडासाकडं बोट दाखवलं. दिशा बरोबर होती.

त्यांची आवडती गोष्ट एकच. लढाईत वेढा पडलेलं रशियातलं शहर. माणसं उपाशी, थंडीनं काकडलेली. “खुर्च्या-टेबलं चुलीत घातली, गुरुजी, पण लायब्ररीतलं पुस्तक जाळलं न्हाई. पुस्तकं गेली तर मागनं येणाऱ्याला कळल कसं, इथं कोण राहत हुतं?” दिवाळीनंतर आमचंही निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, घराघराला कुलूप लागायचं.

एका दुष्काळात सोसायटीचे चेअरमन म्हणाले, “तात्या, खोली मोकळी करा. पेंडीची पोती ठेवायचीत, जनावरं मरायलीत.” मला वाटलं, आता जुंपणार. तात्या म्हणाले, “ठेवा. मुक्या जीवापुढं काय बोलायचं?”

आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या त्या दिवशी पुस्तकांचं गाठोडं घेऊन ट्रॅक्टरपाशी उभे राहिले. रशियात लढाईच्या वेळी पुस्तकं अशीच लांब सुखरूप जागी धाडली होती म्हणे. प्रत्येक बिऱ्हाडाला एक पुस्तक. “येताना आणायचं. ज्यानं नेलं त्यानंच आणून द्यायचं, नियम हाय.”

टोळीचा मुकादम बाजीराव म्हणाला, “तात्या, तिथं कोयता धरायचा का पुस्तक?”

“पाचटाच्या कोपीत ठेव. पर घेऊन ये.”

सगळे हसले, मीही हसलो.

शेवटच्या ट्रॅक्टरमध्ये तात्यांचा एकुलता एक मुलगा राहुल बायकोसह बसला होता. तात्यांची बायको वारल्यापासून घरात तेवढीच माणसं. त्याला सगळ्यात जाड पुस्तक मिळालं.

“आबा, मला कुठं वाचाया येळ हाय?”

“नको वाचू. आण मात्र.”

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या, पुस्तकंही आली. एकावर काकवी सांडलेली, एकाचं कव्हर शेरडानं खाल्लेलं. एरवी पान दुमडलं तरी आईमाई काढणारे तात्या पुस्तकाकडं बघतही नव्हते. प्रत्येकाला विचारायचे, “बरा हाईस न्हवं?”

मग बाजीराव ते जाड पुस्तक घेऊन आला. “राहुल न्हाई आला, तात्या. तिकडनंच पुण्याला गेला, कंपनीत लागलाय. म्हणला, गावात काय ऱ्हायलंय आता. पुस्तक तेवढं आबाला द्या.”

तात्यांनी हात मागं घेतले. “तू कावून आणलंस?”

“आता, तुमचंच हाय की.”

“नेलं कुणी? राहुलनं. मग तू कशाला आणलंस बे? घेऊन जा ते.”

बाजीरावनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला जायला खुणावलं. तो पुस्तक घेऊन गेला आणि त्यानं ते आपल्या घरी देवळीत ठेवलं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, तात्यांनाही.

पुढं पाऊसपाणी झालं, खोली परत मिळाली. तालुक्याहून साहेब वाचनालयाच्या तपासणीला आले. बाजीराव आणि मी तिथंच होतो. साहेबांनी कपाटातल्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. “इथलं हरवलं का?”

बाजीरावनं मान खाली घातली.

“हरवलं न्हाई साहेब,” तात्या म्हणाले. “पोराकडं हाय. तो आला की जमा हुईल.”