डोंगरावर धंदा नको

गू पिलमो डोंगर चढत होता तो काही हौसेने नव्हे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दर शनिवारी पहाटे उठून धापा टाकायची कसली आलीय हौस? बाजारातल्या गल्लीत त्याचं घरं-जागांच्या दलालीचं दुकान होतं आणि चार महिन्यांत तिथे एकही करार झाला नव्हता. महिनाअखेरपर्यंत एक तरी सौदा कर, नाहीतर जागा खाली कर, असं मालकाने सुनावलं होतं. बायको मीरान म्हणाली, "गिऱ्हाईक दुकानात येत नाही ना, मग गिऱ्हाईक जातं तिथे तुम्ही जा." म्हणून हे दर शनिवारी डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ.

मंडळात ओक गमजाताई होत्या. सत्तरीच्या, विधवा, स्टेशनजवळ तीन मजली इमारत आणि ती विकायचा विचार. पिलमोचं शिखर म्हणजे गमजाताईच. पण पहिल्याच शनिवारी घात झाला. वर सोललेल्या काकड्या आणि तांदळाची दारू वाटली जात असताना विम्याच्या एजंटाने हळूच कार्ड काढलं, आणि अध्यक्षांनी त्याला सगळ्यांदेखत मंडळातून काढून टाकलं. डोंगरावर धंदा नको, हा तिथला नियम. मग ते पिलमोकडे वळले आणि आपण काय करता म्हणून विचारलं.

"मी निवृत्त," पिलमो म्हणाला. "नगरपालिकेत होतो."

एक खोटं बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. पिलमोने मग मनानेच पेन्शन जोडली, एक खडूस साहेब उभा केला, जुन्या पाठदुखीला फायलींचं ओझं कारण दिलं. गमजाताईंची पिशवी तोच उचलायचा, त्यांच्या गुडघ्याची चौकशी तोच करायचा. घसट वाढली की हळूच सांगू, असा बेत होता. पण घसट वाढत गेली तसं सांगणं अवघड होत गेलं.

"दोन वर्षं झाली, जो भेटतो तो माझ्या इमारतीशी बोलतो," ताई एकदा दम खात म्हणाल्या. "माझ्याशी बोलणारे तुम्ही एकटेच, भाऊ."

पिलमोचा हात खिशातल्या कार्डावर होता. तो त्याने रिकामाच बाहेर काढला आणि काकडी सोलायला घेतली. त्या दिवशी त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. इमारतीचा सौदा ठरला होता, छे दोसिक नावाच्या दलालाकडे. दलालांवर आपला काडीचा विश्वास नाही, म्हणून तुम्ही शेजारी बसून कागद वाचा, असं त्यांचं म्हणणं होतं. नाही म्हणायला पिलमोला कारण सुचेना.

छे आणि पिलमो समोरासमोरच्या दुकानांत बसून वीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आले होते. हे नगरपालिकेतून निवृत्त, अशी ताईंनी दारातच पिलमोची ओळख करून दिली, तसा छे क्षणभर थबकला. मग त्याने दोन्ही हातांनी कॉफीचा कागदी कप पुढे केला आणि साहेब बसा म्हणाला. पिलमोने करार वाचला. गप्प राहायचं ठरवूनही त्याला राहवेना. गच्चीच्या गळतीचं कलम चुकलं होतं, ताबा द्यायची तारीखही. दोन्ही त्याने दुरुस्त करायला लावली.

"नगरपालिकेत बरंच शिकवतात की," छे एवढंच म्हणाला. त्याने गुपित फोडलं नाही, आणि ती दयाच पिलमोला जास्त झोंबली. शिक्के उमटले, दलाली छेची झाली.

बाहेर आल्यावर ताईंनी त्याचा दंड धरला. भाच्याला तळलेल्या कोंबडीचं दुकान काढून द्यायचं होतं, आणि छेने जागाही सुचवली होती. बाजारातल्या याच गल्लीत कुणा दलालाचं दुकान बुडालंय, परवा रिकामं होतंय. टेबल-खुर्च्या, एसी त्याच्याकडूनच विकत घ्यायचे.

"तुम्हीच बोला त्याच्याशी, भाऊ. अडलाय, भाव पाडून देईल," ताई म्हणाल्या. "माणूस कसा आहे, माहितेय का तुम्हाला?"

पिलमोने रस्त्यापलीकडच्या आपल्याच पाटीकडे पाहिलं.

"थोडा खोटं बोलतो," तो म्हणाला. "पण भावासाठी अडून बसायचा नाही."