आप्पांचं साठवलेलं नेट

सर्वेशने इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याच्याशी अबोला धरला. (घरात इतके सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत.) अबोला सुटला तो ब्रॉडबँडवर. पोरगा घरात बसलाच आहे, तर निदान नोकरी शोधेल. प्लॅन आप्पांनीच निवडला : महिन्याची लिमिट संपली की लाइन आपोआप बंद.

आप्पांची हयात सरकारी कचेरीत गेली. तिथे त्यांनी दुसरं काही केलं असेल-नसेल, रजा मात्र साठवली. न घेतलेली रजा पुढच्या वर्षी मिळते, तसं न वापरलेलं नेट पुढच्या महिन्यात मिळतं, हे त्यांनी ठरवून टाकलं. म्हातारी माणसं विचारत नाहीत, ठरवतात. मोडेम कपाटात गेला, किल्ली जानव्याला.

"आप्पा, नेट साठत नाही हो. महिना संपला की गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

हे सर्वेशला सांगता येईना.

"बघ! कॉलेज पुरं केलं असतंस तर आलं असतं."

अशात शेजारच्या खतिजाचाचींच्या अस्लमने मस्कतहून शब्द टाकला. त्याच्या कंपनीच्या गोदामावर कॉम्प्युटर जाणणारा माणूस हवा होता. साहेब मूळचे देवरूखचे, वेबकॅमवर मुलाखत घेणार होते. आप्पांच्या तावडीतून सुटायला सर्वेशला ही एकच वाट होती.

त्या दिवशी आप्पांनी मोडेम स्वतः काढला, फडक्याने पुसला. "घे. तुझ्यासाठीच साठवलंय. पोटभर बोल."

सर्वेश लाँड्रीतून शर्ट आणायला गेला. तेवढ्यात त्याची आई, यमुनाबाई, म्हणाली, "एवढं पडलंय तर आपल्या श्रद्धाच्या साखरपुड्याची फिल्म तरी नेटवरून उतरवून घ्या."

आप्पांनी बटण दाबलं. लगेच काही दिसेना, म्हणून पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. भाचीचे तीन साखरपुडे एकदम उतरू लागले.

सर्वेश परतला, भांग पाडून कॅमेऱ्यापुढे बसला आणि 'नमस्कार सर' म्हणायला त्याने तोंड उघडलं. तोवर बाजूला बसलेल्या आप्पांनी माइक ओढला होता.

"साहेब, सावकाश विचारा हो! उन्हाळाभर नेट जपून ठेवलंय तुमच्यासाठी."

साहेबांनी देवरूखच्या पावसाची चौकशी केली. आप्पांनी पावसावरून आंब्यावर, आंब्यावरून आजकालच्या पोरांवर गाडी नेली. सर्वेश माइकसाठी हात पसरत राहिला. आणि लाइन गेली.

"काय केलंत आप्पा?"

"मी काय करतोय? तुझीच मुलाखत चाललेली."

अडीच साखरपुड्यांवर लिमिट संपली होती. आप्पांनी नेटच्या कंपनीला फोन लावला आणि मागची शिल्लक मागितली. तिकडच्या मुलीने दोनदा समजावलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अस्लमचा फोन आला.

"साहेब खूश आहेत रे आप्पांवर. असा जपून वापरणारा माणूस गोदामाला हवा, म्हणतात."

"आणि मी?"

"तुझं चित्र आल्या आल्या थिजलं ना. तोंड उघडं, डोळे वर. शेवटपर्यंत तसाच. नुसता आप्पांचा आवाज." अस्लम खाकरला. "साहेबांना वाटलं, आप्पांनी वारलेल्या पोराचा फोटो पुढे धरलाय."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. पण त्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं. म्हणाले, एवढं दुःख गिळून माणूस आंब्यावर बोलत होता. जागा त्यांनाच देऊ या."