चौथ्या कोपऱ्यावरचा ओएच

ग्लुकोजच्या रेणूचे कडे काढताना चौथ्या कोपऱ्यावरचा ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, खाली काढायचा असतो. तो वर काढला तर ते ग्लुकोज राहत नाही, दुसरीच साखर होते. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी हे वीस वर्षे कानीकपाळी ओरडून सांगितले होते, वर्गात आणि घरी मुलीलाही. मुलीने परीक्षेत तो खालीच काढला. तिला त्या प्रश्नात भोपळा मिळाला आणि डॉक्टरकीचा प्रवेश दोन मार्कांनी हुकला.

मंडळाच्या आदर्श उत्तरपत्रिकेत ओएच वर होता. आकृतीखाली मंडळाचा शिक्का यायचा असल्याने टंकलेखकाने ओएच वर सरकवून शिक्क्याला जागा केली होती.

मास्तर पुस्तकांची चळत घेऊन परीक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली आणि प्रत्येक पुस्तक उघडून पाहिले.

"सर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच तर मार्क देता येत नाहीत."

"म्हणजे?"

"तुमच्या मुलीचे दोन वाढवले की वर काढणाऱ्या चाळीस हजार पोरांचे दोन कापावे लागतील. त्यांच्या आईबापांना तोंड कोण देणार?"

तरीही तक्रारीची दखल घेणे नियमात बसत असल्याने समिती नेमली गेली. तीत रसायनशास्त्राचा माणूस घेतला नाही, कारण त्याचे मत आधीच बनलेले असण्याची शक्यता होती. मंडळाच्या हद्दीत ग्लुकोजचा चौथा ओएच यापुढे वरच राहील, असा ठराव एकमताने झाला. पाठोपाठ पाठ्यपुस्तक बदलले. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवर नव्या आकृतीच्या चिठ्ठ्या चिकटवायचे काम, अनुभवी म्हणून, मास्तरांकडेच आले. त्यांनी ते निमूटपणे केले, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा परीक्षेला बसली. दारात चपला घालताना ती थांबली.

"बाबा, वर काढू की खाली?"



"वर काढ, बाळा."

तिला पैकीच्या पैकी मिळाले आणि प्रवेशही. मास्तरांना भित्रा म्हणायला वाचक मोकळे आहेत. त्याआधी फक्त आपल्या पोराला परीक्षेला सोडताना आपण काय बजावतो तेवढे आठवावे: 'पुस्तकात आहे तस्संच लिही, डोकं चालवू नकोस.'