मागच्या सीटचं ॲव्हरेज

कर्वेनगरात मोटारसायकली पुष्कळ असतील, पण लिटरला सत्तर देणारी एकच, आणि ती दशरथराव ओव्हाळांची! हे ज्याला ठाऊक नसेल तो कर्वेनगरात नवा राहायला आला आहे असं खुशाल समजावं. तोही फार दिवस अज्ञानात राहत नसे. सोसायटीच्या फाटकापाशी दशरथराव त्याला गाठायचेच. "गाडी कोणती? किती देते?" हा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, भजी खातात. दशरथरावांनी ॲव्हरेज हातात घेतलं. काटा चाळिसाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. ब्रेक म्हणजे जाळलेलं पेट्रोल, तेव्हा तो शक्यतो लावायचाच नाही. लांबून लाल सिग्नल दिसला की गाडी अशी सोडायची की आपण पोचेपर्यंत त्याला हिरवं होणं भाग पडलं पाहिजे. आणि उतार लागला की इंजिन बंद! मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे. "वाजवू देत," दशरथराव म्हणायचे, "हॉर्नला पेट्रोल लागत नाही."

या सगळ्या शास्त्राच्या एकमेव साक्षीदार म्हणजे मागच्या सीटवरच्या चंद्रभागाबाई. गाडी घेतली त्या दिवसापासून ती सीट त्यांची. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. दर रविवारी सकाळी दोघं विहारात वंदनेला जायचे आणि तिथून थेट हडपसरला, मुलाकडे, अभयकडे. चाळीसच्या वेगानं पुणं ओलांडायचं म्हणजे जेवणाची वेळ टळून जायची. सून आम्रपाली बिचारी भाकऱ्या दोनदा गरम करायची. पण वाटेत बाई बोलत असायच्या आणि दशरथराव "हं, हं" करत असायचे, आणि दोघांनाही घाई नव्हती.

मग तो रविवार आला.

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला गाडी उभी. इंजिन अर्थातच बंद. शेजारी आप्पासाहेबांची गाडी येऊन थांबली. आप्पासाहेब म्हणजे वारज्याचे जुने जमीनदार. जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, पण आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असाच. "काय ओव्हाळ! किती देती गाडी?"

"एकटा असलो की सत्तर!" दशरथराव हेल्मेटची काच वर करून म्हणाले. "ही मागं बसली की साठावर येते. वजन हो, दुसरं काय!"

आप्पासाहेब हसले. आजूबाजूचे चार स्कूटरवालेही हसले. सिग्नल सुटला, दशरथरावांनी गाडी काढली, आणि काय सांगावं, गाडी अशी झक्कास पळायला लागली! "बघितलंस?" ते मागे म्हणाले. "परवा चेन घट्ट केली ना, त्याचा गुण!" मागून उत्तर आलं नाही. नळ स्टॉपपर्यंत ते चेनबद्दल बोलत होते. तिथं एका खड्ड्याला सवयीनं "धर गं!" म्हणाले आणि खांद्यावर हात पडला नाही, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. सीट रिकामी!

धावतपळत घरी आले, तर बाई बसनं येऊन भाजी निवडत बसलेल्या.

"वाढलं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काय?"

"ॲव्हरेज."

बस्स. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. पण त्या दिवसापासून चंद्रभागाबाई गाडीवर बसल्या नाहीत. "चल, मंडईत सोडतो," म्हणावं, तर उत्तर यायचं, "नको. तुमचे दहा किलोमीटर वाया जातील." पुण्यात राहून राहून बाईंच्या जिभेला अशी धार आली होती की रक्त निघालेलं माणसाला घरी गेल्यावर कळावं.

इकडे गाडी खरंच सत्तर द्यायला लागली. कधी कधी त्याच्याही वर! सोसायटीतले लोक अभिनंदन करायचे. दशरथराव "हो, हो" म्हणायचे आणि गाडीला टांग मारायचे. आयुष्यभर ज्या आकड्यासाठी जीव टाकला तो असा पदरात पडला होता, आणि त्याचं करायचं काय ते त्यांना कळत नव्हतं. मागची सीट खड्ड्याखड्ड्याला टणाटणा उडायची. घरी परतताना, दिवसभरात काय काय झालं ते सांगायला तोंड उघडायचं, आणि कोणी ऐकायला नसायचं.

रविवारचं तर विचारूच नका. हडपसरला जायचं दोघांनाही. बाई बसनं, हे गाडीवर. पण दशरथराव पुढे निघून जात नसत. बसच्या मागे राहत. खिडकीत तिचा अंबाडा दिसायचा. बस प्रत्येक थांब्याला थांबायची, हेही थांबायचे. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा ब्रेक, तोंडावर धूर! ॲव्हरेजची अशी कत्तल उभ्या पुण्यात कोणी केली नसेल. त्या दिवशीचं ॲव्हरेज ते काढतच नसत.

अशात गावाहून भावानं गव्हाचं पोतं पाठवलं. "हे अभयला पोचवा," बाई म्हणाल्या. दशरथरावांनी पोतं मागच्या सीटवर बांधलं आणि निघाले. पहिल्याच वळणावर त्यांचे डोळे मोठे झाले. गाडी रस्त्यावर बसली होती! अगदी पूर्वीसारखी. उडणं नाही, थरथर नाही. खड्डा आला, ते सवयीनं म्हणाले, "धर गं," आणि मागून ओळखीचा भार पाठीला टेकला.

स्वारगेटपर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, उद्या पोचवू.

उद्याही तेच झालं आणि परवाही तेच. घरी आले की गाडी ताडपत्रीखाली लावायची, वर कोणी विचारलंच तर विषय टायरच्या हवेवर न्यायचा! मग एका दुपारी भुरभुर सुरू झाली. गहू भिजू नयेत म्हणून त्यांनी गाडीच्या बाजूची डिकी उघडली. तिथं बाईंचा जांभळा रेनकोट त्या रविवारपासून तसाच घडी करून पडला होता. तो त्यांनी पोत्याला घातला. टोपी वर ओढली. बाह्यांचं काय करायचं? त्या पुढे घेऊन आपल्या कमरेशी बांधल्या. आणि जराशा लाजतच गाडी सुरू केली.

संध्याकाळी चंद्रभागाबाई फाटकापाशी उभ्या होत्या, तर आप्पासाहेब गाडी थांबवून ओरडले, "बरं झालं वहिनी, मिटलं तुमचं! दुपारी पाह्यलं ना तुम्हाला. काय ते कमरेला हात घालून बसला व्हता! या वयात बी हौस हाय, चांगलं हाय!"

"मी?" बाई म्हणाल्या. "मी दुपारी घरी होते."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. "मग... माझी नजर कमी झाली असंल," एवढं बोलून ते जे निघाले ते मागे न बघता.

तेवढ्यात शेजारची चैताली कॉलेजमधून आली. "काकू, काका किती क्यूट आहेत! सिग्नलला मागं वळून विचारत होते, 'लागलं नाही ना गं?' सो स्वीट!"

चंद्रभागाबाईंनी त्या रात्री भाजीत मीठ दोनदा घातलं. दशरथरावांनी निमूट खाल्लं आणि तो बाईंना पुरावाच वाटला. एरवी बोलले असते!

दुसऱ्या दिवशी दशरथराव जिना उतरले आणि पाठोपाठ बाई छत्री घेऊन उतरल्या. कोपऱ्यावर रिक्षा होती.

"त्या मोटारसायकलच्या मागे घ्या."

"चोर आहे का, मावशी?"

"नवरा आहे."

"मग निवांत जाऊ," रिक्षावाला म्हणाला.

पण इतकं निवांत जावं लागेल अशी त्याची कल्पना नव्हती. दशरथराव पुढे ॲव्हरेज सांभाळत चाललेले, मागे त्यांना चिकटलेला जांभळा रेनकोट, आणि त्यामागे रिक्षा गचके खात, बंद पडत. दोन सायकलवाले पुढे निघून गेले. एका आजोबांनी चालत मागे टाकलं. "मावशी," रिक्षावाला हात जोडून म्हणाला, "यांचा पाठलाग करायचा तर उतरून चाला. वाटेत भाजी पण घेता येईल."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या जांभळ्या पाठीकडे बघत होत्या. माझा रेनकोट! माझी सीट! रागानं भरलेले डोळे मधूनच भलत्याच गोष्टीनं भरून येत होते. गेल्या कित्येक महिन्यांत बसच्या खिडकीतून त्यांनी कितीदा मागे वळून पाहिलं होतं, तो येतोय का म्हणून. आणि तो यायचाही, धूर खात! मग ही कोण?

कर्वे पुतळ्याचा सिग्नल लाल झाला. दशरथरावांनी इंजिन बंद केलं, काच वर केली आणि मान वळवली. रिक्षा बरोब्बर मागे येऊन थांबली. बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.

"इथंच उतरली होतीस बघ," दशरथराव रेनकोटला सांगत होते. "मी बोललो ते चुकलंच. पण भांडायचं तरी होतंस. एकटं नाही गं चालवता येत मला."

इतकं ऐकल्यावर कोणती बायको रिक्षात बसून राहील? चंद्रभागाबाई उतरल्या, चार पावलांत गाडीपाशी पोचल्या आणि त्यांनी छत्री त्या जांभळ्या पाठीत अशी हाणली की टोक आरपार गेलं!

"अहो, बाईला मारलं!" कोणीतरी किंचाळलं.

आणि बाईच्या अंगातून गहू वाहायला लागले.

गहू रस्त्यावर सांडताहेत, छत्री पोत्यात अडकलेली, आणि दशरथराव कमरेच्या बाह्या सोडवायला धडपडताहेत. सिग्नल सुटला तरी कोणी हललं नाही. पुणेकर फुकटचं असं काही सोडून जात नाहीत.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"अभयचे गहू."

"ते अजून पोचवले नाहीत?"

"पोचवले असते," दशरथराव खाली बघत म्हणाले, "तर मागं कोण बसलं असतं?"

बाईंनी भुवई उचलून, अगदी शांतपणे विचारलं, "पोत्याला किती देते?"

रिक्षावाल्यानं डोळे मिटून घेतले. कोणताही शहाणा नवरा इथं खोटं बोलला असता! पण ॲव्हरेजच्या बाबतीत खोटं बोलणं दशरथरावांच्या रक्तात नव्हतं.

"साठ."

"म्हणजे माझ्याएवढंच."

"हो," दशरथराव म्हणाले. "पण ते खांद्यावर हात ठेवत नाही."

बाईंनी पोत्याच्या अंगातून रेनकोट काढला, बाह्यांतले गहू झटकले आणि तो स्वतः चढवला. भोकावर पिशवी बांधून पोतं रिक्षात बसवलं. अभयचा पत्ता सांगितला.

"हडपसर? चालेल," रिक्षावाला म्हणाला. "हे पाहुणे कोणाचा पाठलाग तरी करायला लावणार नाहीत."

मग त्या मागच्या सीटवर बसल्या. खांद्यावर हात आला. दशरथरावांनी गाडी सुरू केली आणि घराकडे वळवायची ती सरळ पौड रस्त्याला घातली. चांदणी चौकापर्यंतचा सगळा चढ! पेट्रोल पीत होती गाडी, पिऊ दे! बाई बोलत होत्या. बसमधल्या बायका, आम्रपालीचा नवा कुकर, त्या मेल्या बसचा धूर, साठलेलं सगळं. दशरथराव "हं, हं" करत होते. काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वारज्याच्या उतारावर इंजिन मात्र बंद केलं, कारण शेवटी स्वभाव तो स्वभाव.

उतार संपला. त्यांनी गाडी चालू करायला बटण दाबलं. मग किक मारली. पुन्हा मारली. टाकी हलवून पाहिली. आत काहीच वाजलं नाही.

दशरथराव ओव्हाळांच्या गाडीतलं पेट्रोल संपलं होतं! सोसायटीला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही!

"मी उतरते," बाई म्हणाल्या.

"नाही!" दशरथराव एवढ्या जोरात ओरडले की रस्त्याकडेची म्हैस दचकली. "तू बस. उतरायचं नाही."

ते स्वतः उतरले, हँडल धरलं आणि ढकलायला लागले. घामानं शर्ट पाठीला चिकटला, दम लागला, तरी ते ढकलत होते. तेवढ्यात समोरून आप्पासाहेब! त्यांनी आधी रेनकोटात नक्की कोण आहे ते वाकून नीट पाहून घेतलं, हायसं वाटून कपाळ पुसलं आणि मग आवाज लावला, "काय ओव्हाळ! पंपावरनं बाटली भरून आणू का?"

"नको, नको," दशरथराव धापा टाकत म्हणाले. "काही घाई नाही."

"बरं, मग आता किती देती गाडी?"

दशरथरावांना श्वास जमेना. तेव्हा मागच्या सीटवरून, एका हातानं नवऱ्याचा खांदा धरून आणि दुसऱ्या हातानं रेनकोटची टोपी सावरत, चंद्रभागाबाईच म्हणाल्या, "आता मोजायचंच नाही, आप्पासाहेब. पेट्रोलचा थेंब लागत नाही. मी बसले की ॲव्हरेज वाढतं!"